पद्मिनीचं रिले किट : आठ महिने वापरल्यावर

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात आंबा घाट उतरताना माझ्या १९८६ च्या पद्मिनीचा उजवा दिवा मेणबत्तीसारखा पिवळा पडला. डावा लख्ख. उजवा इंडिकेटर दिला की त्याच्या तालावर उजवा डिप्पर आणखी मंद व्हायचा. साखरप्यापर्यंत पुढच्या एसटीचे मागचे दिवे बघत गाडी उतरवली. बायको शेजारी गप्प बसून होती, हे जास्त लागलं. रत्नागिरीत पोचल्यावर सगळा राग काढला तो नोव्हेंबरात हेडलाइटसाठी बसवलेल्या रिले किटवर.

हे किट मी हौसेने घेतलं नव्हतं. मूळ वायरिंगमध्ये हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधून फिरून येतो आणि चाळीस वर्षांत स्विचचे पॉइंट काळे पडलेले. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.६ व्होल्ट आणि दिव्याच्या होल्डरवर ११.४. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार झपाट्याने उतरतो. एवढी घट म्हणजे जवळजवळ निम्मा उजेड गेला. वायरमन म्हणाला, "वायरिंग कुजलंय साहेब, सगळंच बदलाय लागतंय," आणि सोळा हजार सांगितले. किट साडेअकराशेला मिळालं. दोन रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच), फ्यूज आणि जाड वायर. बॅटरीतून थेट दिव्याला करंट, आणि स्विचचं काम फक्त रिले ओढण्यापुरतं. ६०/५५ वॅटचे तेच जुने बल्ब, पण पहिल्या रात्री रंकाळ्याच्या रस्त्यावर आण्णांच्या वेळची गाडी नवी वाटली. होल्डरवर १३.२. मे संपेपर्यंत मी भेटेल त्या पद्मिनीवाल्याला हेच किट घ्यायला सांगत होतो.

घाटातल्या प्रकारानंतर दुकानदाराला फोन केला. "पाणी गेलं असेल, रिलेला वॉरंटी नाही, नवीन घ्या." दुकानाचं नाव देत नाही, पण हे उत्तर मला अजून खुपतं, कारण त्याने काही न बघताच ते दिलं.

रविवारी बॉनेट उघडून बसलो. दोन्ही रिलेंची अदलाबदल केली, फरक शून्य. रिले चांगले होते, त्यांना उगाच दोष दिला. मग मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल पिन उजव्या दिव्याच्या अर्थच्या (करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणाऱ्या वायरीच्या) टोकावर धरली, दिवा चालू ठेवून. इथे जवळपास शून्य यायला हवं. आलं २.४ व्होल्ट. इंडिकेटर लावला की तीन. म्हणजे उजव्या बाजूचा करंट परत जायला वाट शोधत होता, आणि इंडिकेटरचा अर्थही मीच त्याच स्क्रूखाली दिला होता.

स्क्रू काढला. किटसोबत आलेला अर्थचा लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली, स्क्रूखाली जाणारी धातूची पट्टी) बोटांत धरून जरा ओढला तर वायर निघूनच आली. लग दाबला होता तो वायरच्या प्लास्टिकवर! आत तांब्याच्या सात-आठ तारा कशाबशा टेकलेल्या, त्याही हिरव्या पडलेल्या. लगखालचा रंगही खरवडलेला नव्हता, ती चूक माझी. पॉझिटिव्हला अडीच स्क्वेअर मिलिमीटरची जाड वायर देणाऱ्याने अर्थला इतकी बारीक वायर का द्यावी? जेवढा करंट जातो तेवढाच परत येतो. वायरीमागे दहा-वीस रुपये वाचवले आणि माझी रात्र घाटात गेली.

उद्यमनगरातून अडीच स्क्वेअरची वायर आणि चार तांब्याचे लग आणले, ऐंशी रुपये. पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला, लग नीट दाबून वर सोल्डर केला, स्क्रू आवळून ग्रीस फासलं. उजव्या दिव्याच्या अर्थची आणखी एक वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेली. इंडिकेटरचा अर्थ वेगळ्या स्क्रूवर. आता तेच माप ०.०५. गेल्या पंधरवड्यात भर पावसात दोनदा कोकणात जाऊन आलो, दोन्ही दिवे सारखे.

तर किट घ्याच, पण त्यातली अर्थची वायर आधी कापून टाका. एलईडी लावा म्हणणारे भेटतील. पद्मिनीचा रिफ्लेक्टर फिलामेंटसाठी केलेला आहे, समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो, मी लावणार नाही.

आता मागचा उजवा दिवा राहिलाय. ब्रेक दाबला की तिथला इंडिकेटरही मिणमिणतो. उघडीप मिळाली की डिकीतला अर्थचा स्क्रू काढतो.