'बेबी साइन' वर्षभर वापरून: काय चाललं, काय नाही

आधी निकाल सांगते, मग पाल्हाळ. बोलायला लागण्याआधी बाळाला हाताच्या खुणा शिकवल्या की ते हुशार होतं, लवकर बोलतं, वगैरे मला तरी काही दिसलं नाही. घरातली रडारड मात्र चांगलीच कमी झाली, आणि आम्ही मोठी माणसं त्याच्या हातांकडे नीट बघायला लागलो. दुसरं मूल झालं तर एवढ्यासाठी मी हे पुन्हा करेन. पैसे मोजून मात्र नाही.

आमचे चिरंजीव आता दीड वर्षाच्या पुढे गेलेत. सुरुवात केली तेव्हा तो नुकता आधाराशिवाय बसायला लागला होता. जेवताना चार घास नीट खायचा आणि एकदम किंकाळी फोडायचा. ती 'अजून दे'ची की 'बास झालं'ची, कुणालाच कळायचं नाही. सासूबाई म्हणायच्या पोट भरलंय, मी म्हणायचे पाणी हवंय, नवऱ्याच्या मते दात येत होते. नवऱ्याच्या मते सगळ्यालाच दात कारणीभूत असतात.

चारच खुणा घेतल्या. दुधासाठी मूठ उघडायची-मिटायची. 'आणखी'साठी दोन्ही हातांची बोटं जुळवून टोकं एकमेकांना टेकवायची. या दोन्ही अमेरिकन खुणांच्या भाषेतल्या. 'संपलं'साठी दोन्ही पंजे उताणे-पालथे हलवायचे आणि पाण्यासाठी अंगठा तोंडाकडे न्यायचा, जो आपण सगळे तसाही नेतोच. नियम एकच ठेवला: खूण करताना शब्द मोठ्याने बोलायचाच, मुक्याने करायचं नाही. आणि खूण त्या वस्तूच्या वेळेलाच करायची. दुपारी सतरंजीवर बसवून चित्रांचे कार्ड दाखवत शिकवणी घ्यायची नाही.

कित्येक आठवडे काहीही घडलं नाही. तो माझ्या हातांकडे शांतपणे बघायचा, मीच वेड्यासारखी बोटं जुळवत बसलेली. इथे बरेच जण सोडून देतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. दहाव्या महिन्याच्या आसपास एकदा केळं संपल्यावर त्याने उजव्या हाताचं एक बोट डाव्या तळव्यात रुतवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी केळं दिलं. त्याने परत रुतवलं. ही त्याची 'आणखी' होती, मी शिकवलेल्या खुणेशी तिचं नातं लांबचंच. पण ती एकदा चालते हे कळल्यावर त्याने ती सगळीकडे लावली. पंखा बंद केला की आणखी. गॅलरीतून लोकल गेलेली दिसली की आणखी. आजीला शिंक आली तरी आणखी, आणि बिचाऱ्या आजी खोटं खोटं शिंकत बसायच्या.

त्यानंतर वाढत गेलं. दुखण्याची खूण, म्हणजे दोन्ही तर्जन्या समोरासमोर आणून टोकं भिडवायची, ही मला सगळ्यात उपयोगी पडेल असं वाटलं होतं. ताप आला तर नेमकं कुठे दुखतंय ते सांगेल, अशी आशा. प्रत्यक्षात त्याने ती पहिल्यांदा केली ती सासूबाईंच्या कपाळावरचं कुंकू बघून. नवऱ्याला दाढी करताना लागलं होतं, ते लाल त्याच्या लक्षात राहिलेलं. स्वतःचं दुखणं त्याने या खुणेने फारसं कधी सांगितलं नाही, पण त्या कुंकवावरून मला कळलं की याला आठवतं, हा जोडतो, आणि सांगायला बघतो. बोलता येण्याच्या कितीतरी आधी.

काय चाललं नाही? 'प्लीज' आणि 'थँक्यू'. इतक्या लहान मुलाला यात मिळण्यासारखं काही नसतं, मोठ्यांना कौतुक मिळतं. झोपेची खूण त्याने कधीच केली नाही, कारण झोपायचं त्याला कधीच नसतं. शी झाल्याची खूण तो करतो, पण कार्यक्रम उरकल्यावर.

या प्रकाराची मुळं अमेरिकेत आहेत. लिंडा अॅक्रेडोलो आणि सुझन गुडविन या कॅलिफोर्नियातल्या दोन मानसशास्त्रज्ञ. अॅक्रेडोलोंची लहानगी फूल दिसलं की हुंगल्यासारखं नाक करायची, त्यावरून त्यांचं लक्ष गेलं. मुलाने स्वतः काढलेल्या खुणाही त्यांना चालायच्या. जोसेफ गार्सिया हे मात्र खुणांच्या भाषेच्या जगातले. बहिऱ्या आईवडिलांची ऐकू येणारी मुलं फार लवकर हातांनी बोलतात हे त्यांनी पाहिलं, आणि अमेरिकन खुणांच्या भाषेतलेच शब्द वापरा असा त्यांचा आग्रह. आमच्याकडे खिचडी झाली. पंख्याला वर बोट करून गरगर फिरवणं हे आमचं घरचं. काही खुणा दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या कोशातून घेतल्या. 2021च्या आवृत्तीत तिथे 10,000 शब्द आहेत आणि व्हिडिओ फुकट बघता येतात. ते आपण बघून शिकायचे. बाळासमोर मोबाईल धरून नव्हे. दोन वर्षांच्या आत स्क्रीनपुढे बसवू नका असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 सालीच सांगितलंय, आणि इथे तर बाळाला तुमचेच हात हवे असतात.

पाळणाघरात अडचण आली. तिथल्या ताई प्रेमळ, पण एवढ्या पोरांत कुणाचं बोट तळव्यात गेलं हे कोण बघणार? मी एका कागदावर चित्रं काढून दिली, ती भिंतीवर लागली आणि तिथेच राहिली. दिवसाचा मोठा भाग बाळ जिथे असतं तिथे साथ नसेल तर वेग निम्मा होतो हे धरूनच चाला.

सासूबाईंचा आक्षेप रास्त होता: "अगं, हातवारे करून सगळं मिळालं तर तो तोंड उघडेल कशाला?" हर्टफर्डशायर विद्यापीठातल्या एलिझाबेथ कर्क आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये 40 बाळांचा अभ्यास छापला. आठव्या महिन्यापासून विसाव्यापर्यंत पाहिलं. खुणा शिकलेली मुलं बोलण्यात पुढेही नव्हती, मागेही नव्हती. त्यांच्या आया मात्र मुलाच्या न बोललेल्या इशाऱ्यांना जास्त दाद द्यायला लागल्या होत्या. हे वाचून मी सासूबाईंना म्हटलं, आई, हा अभ्यास तुमच्या शिंकांवरच झालाय. तेव्हा बुद्ध्यांक वाढवून देणारे कोर्स आणि कार्डांचे संच सरळ सोडून द्या. आपण 'टाटा कर', 'बाप्पाला जयजय कर' शिकवतोच, हे त्याचंच पुढचं पाऊल.

एक काळजी मात्र घ्या. वर्षाचं झालं तरी बाळ बोटही दाखवत नसेल, टाटाही करत नसेल, किंवा सोळाव्या महिन्यापर्यंत एकही शब्द नसेल, तर खुणा शिकवत वाट बघत बसू नका. बालरोगतज्ज्ञांना गाठा आणि ऐकण्याची तपासणी करून घ्या. शिवाय आपण घेतो ते फक्त सुटे शब्द. खरी खुणांची भाषा व्याकरणासकट पूर्ण भाषा असते. कर्णबधिर मुलांच्या कितीतरी शाळांत वर्षानुवर्षं हात बाजूला ठेवून तोंडाने बोलायचाच आग्रह धरला गेला, आणि ऐकू येणाऱ्या बाळांसाठी त्याच खुणांचे महागडे वर्ग निघतात. मला हे खटकतं.

आता आमच्याकडे शब्द यायला लागलेत आणि खुणा आपोआप गळताहेत. 'दूदू' आल्यावर मूठ गेली, 'पाई' आल्यावर अंगठा. 'संपलं' अजून टिकून आहे, कारण ते करताना तोंडात बहुतेक वेळा घास असतो. तुमचं बाळ चार-पाच महिन्यांचं असेल तर घाई करू नका, नीट बसायला लागू दे. आणि ते आधीच बोटं दाखवून घरादाराला नाचवत असेल, तर यातलं काहीही नाही केलंत तरी चालेल.