पुढच्या शॉकअपचं तेल: शेवटी मोतुल १०डब्ल्यू

पल्सरच्या पुढच्या शॉकअपचं सील गळायला लागलं म्हणून घराजवळच्या गॅरेजात टाकली. गडी म्हणाला, "साहेब, इंजिन ऑईलच घालतो, सगळे तेच घालतात." घातलं. मग काय, स्पीडब्रेकरवर हँडल थेट मनगटात! थंडीत सकाळी तर लोखंडी दांडा धरल्यासारखं.

म्हणून मोतुलचं फोर्क ऑईल (शॉकअपसाठीचं खास तेल) १०डब्ल्यू (हा तेलाच्या घट्टपणाचा आकडा) आणून घरीच बदललं. जुनं काढलं तर राखाडी चिखल निघाला, कुजक्या माशासारखा वास. (बादली बायकोची होती, तो वेगळा विषय.) स्प्रिंग बाहेर काढून, नळी पूर्ण दाबून, चार-पाच वेळा पंप करून हवा काढली. मग स्टीलच्या पट्टीने तेलाची उंची मोजली. नुसते मिलिलिटर मोजून भागत नाही, जुनं थोडं आत राहतंच.

आता खड्ड्यात चाक उतरतं आणि सावकाश वर येतं. ब्रेक मारल्यावर नाक थोडं जास्त खाली जातं. माझं वजन ९० किलो, त्यामुळे पुढच्या वेळी जरा घट्ट, १५डब्ल्यू बघीन. कंपनी बदलणार असाल तर डब्यावरच्या '१०डब्ल्यू'वर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा घट्टपणा वेगळा असतो; ४० अंश सेल्सिअसला मोजलेले सेंटिस्टोक्स (घट्टपणा मोजायचं एकक) ताडून बघा. तेल महाग आहे, पण इंजिन ऑईल परत नाही घालणार.