गुऱ्हाळ, थेऊर आणि ययाति : पावसाळ्यात वाचून संपवलेली तीन पुस्तके

गुळाच्या अडत दुकानात हिशेब लिहिणाऱ्याला पावसाळ्यात फारसे काम नसते. हंगाम दिवाळीच्या सुमारास उघडतो, तोवर मागच्या बाक्या, व्याजाचे तक्ते आणि पंख्याखाली घालवायच्या दुपारी एवढेच हाती उरते. यंदा या दुपारी वाया जाऊ द्यायच्या नाहीत असे ठरवून आमच्या पेठेतल्या वाचनालयातून ओळीने तीन पुस्तके आणली आणि तिन्ही शेवटच्या पानापर्यंत वाचली. तिन्ही लेखक आपल्या भागातले आहेत. ‘झोंबी’चे आनंद यादव कागलचे, ‘स्वामी’चे रणजित देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे, आणि ‘ययाति’चे वि. स. खांडेकर जन्माने सांगलीचे असले तरी १९३८पासून कोल्हापूरकरच. मी समीक्षक नाही, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते एका संथ वाचकाचे मत म्हणूनच घ्यावे.

‘झोंबी’ १९८७ साली आली आणि १९९० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कागल येथून वीसेक किलोमीटरवर असूनही हे पुस्तक इतकी वर्षे माझ्या हाती कसे आले नाही, याची आता लाज वाटते. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुटाळ बापाचा थोरला मुलगा शाळेसाठी घरात कशी झुंज देतो, ही तिची कथा. बाप त्याला पाचवीतून काढून शेतावर जुंपतो आणि आपण गावभर मोकळा फिरतो. या बापाची मेख लेखकाने नेमकी पकडली आहे, ती गुऱ्हाळाच्या संदर्भात. बाकीचे शेतकरी ऊस आणखी थोडे दिवस उभा ठेवतात, कारण तसा ठेवला की रस दाट होतो आणि गूळ चांगला उतरतो. हा मात्र सगळ्यांच्या आधी गुऱ्हाळ लावतो, कारण पेठेत गुळाची आवक वाढली की दर उतरतात हे त्याला पक्के ठाऊक असते. लवकर मोकळे व्हायची घाई त्यात असते ती वेगळीच. अडतीत बसणाऱ्या माणसाला हे वाचताना हसू येते आणि थोडे ओशाळायलाही होते, कारण असा एखादा पाटील दर हंगामात आमच्या गादीसमोर बसलेला असतो, पहिल्या सौद्याचा दर खणखणीत वसूल करतो आणि त्याचा गूळ मऊ निघाला म्हणून वाद आमच्याशी घालतो.

मुलगा आणि आई गावातल्या दत्ताजीराव देसायांकडे जातात आणि त्यांच्याकरवी बापाला वळवतात, तो भाग मी दोनदा वाचला. बाप होकार देतो, पण अटी घालून देतो : दिवस उगवताच शेतावर हजर व्हायचे, अकरा वाजेपर्यंत पाणी पाजायचे, तिथून थेट शाळा गाठायची, परत आल्यावर तासभर ढोरे चारायची आणि शेतात काम जास्त असेल त्या दिवशी शाळा बुडवायची. आमच्या घरच्या मुलांना हे वेळापत्रक वाचून दाखवले, तर धाकट्याने ‘मग अभ्यास कधी?’ एवढेच विचारले. उत्तर पुस्तकात पुढे येते. सौंदलगेकर नावाचे मराठीचे मास्तर कविता गाऊन शिकवतात, हा मुलगा पाणी पाजताना त्या मोठ्याने म्हणतो, आणि कागद हाताशी नसला की म्हशीच्या पाठीवर काडीने ओळी लिहितो. कवी हा आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस असतो हे त्याला कळते, ते मास्तरांच्या दारातल्या मालतीच्या वेलामुळे. त्या वेलावर मास्तरांनी कविता केलेली असते आणि वेल त्याने स्वतः पाहिलेला असतो. पुस्तकातले माझे सर्वांत आवडते पान तेच.

उणीव सांगायची तर मार, उपासमार आणि आईची बाळंतपणे इतक्या वेळा येतात की मधल्या शंभरेक पानांत मन बधिर होते. ते आयुष्यच तसे होते हे मान्य केले, तरी वाचकाला दम खायला जागा हवी होती. पु. ल. देशपांड्यांची प्रस्तावना मात्र पुस्तक संपल्यावर वाचावी, आधी वाचू नये.

‘स्वामी’विषयी थोडक्यात. १९६२ची ही कादंबरी तीन दिवसांत संपली, यातच तिचे कौतुक आले. पानिपतानंतर सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रे घेतलेला आणि १७७२ साली थेऊरला सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने गेलेला माधवराव आपल्याला ठाऊक असतो, शेवटही ठाऊक असतो, तरीही थेऊरची प्रकरणे उरकता येत नाहीत. राघोबादादांशी चाललेली ओढाताण मला सर्वांत खरी वाटली, कारण भाऊबंदकी आमच्या पेठेतही रोज दिसते. रमाबाईंच्या प्रसंगांत मात्र गोडवा जरा जास्तच झाला आहे, आणि शनिवारवाड्यातली माणसे अधूनमधून रंगमंचावर उभी असल्यासारखी बोलतात.

‘ययाति’ने मला खरे दमवले. १९५९ साली आलेल्या या कादंबरीला आधी साहित्य अकादमीचा आणि पुढे खांडेकरांना १९७४चा ज्ञानपीठ मिळाला, मराठीतला पहिलाच, तेव्हा तक्रार करताना जीभ थोडी अडखळते. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली बाजू सांगतात ही रचना उत्तम आहे आणि शर्मिष्ठेची निवेदने मनापासून आवडली. पण ययाति एक घोट मद्य घेतो आणि दोन पाने चिंतन करतो, तेव्हा मी सरळ पाने उलटली. प्रत्येक भावनेला उपमा चिकटलेली असते, एक पुरेशी असते तिथे तीन येतात. माझ्या प्रतीत कोण्या जुन्या वाचकाने हीच वाक्ये पेन्सिलीने अधोरेखित केली होती आणि समासात ‘वा!’ लिहिले होते. म्हणजे जे एकाला जड झाले, तेच दुसऱ्याने वहीत उतरवून घेतले असणार.

तिन्हीत ‘झोंबी’ वर, हे सांगायला नकोच. तिच्यातली माणसे आमच्या आजीच्या बोलीत बोलतात आणि तो आवाज कानावर पडून पंधरा वर्षे झाली होती. काही पाने मी दुकानात मोठ्याने वाचली, तेव्हा शिरोळ भागातला आमचा हमाल हातातले पोते टेकवून ऐकत उभा राहिला आणि एका शब्दाशी अडून म्हणाला, ‘आमच्याकडं असं न्हाई म्हणत.’ मग अर्धा तास कागल आणि शिरोळ यांचा वाद झाला. यादवांच्या आत्मकथनाचा पुढचा भाग ‘नांगरणी’. त्यासाठी वाचनालयात नाव लावून आलो आहे. प्रत बाहेर गेलेली आहे आणि ज्याच्याकडे आहे, तोही माझ्यासारखाच संथ वाचक असावा.