पॉयझन ओकसाठी टेक्नू: ट्रेलवर जाणाऱ्यांनी घरात ठेवाच

कॅलिफोर्नियात हाइकिंग करत असाल तर पॉयझन ओक (अंगाला लागलं की पुरळ उठवणारं रानटी झुडूप) आज ना उद्या गाठणारच, मला दोनदा गाठलंय म्हणून टेक्नूबद्दल, म्हणजे ते लागल्यावर अंगाला चोळून धुवायच्या क्लेन्झरबद्दल, लिहितेय. पहिल्या वेळी काहीच माहीत नव्हतं, घरी आले, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मनगटावर लाल रेघ आणि तिसऱ्या दिवशी त्याच रेघेवर पाण्याने टच्च भरलेले फोड, एकाला एक चिकटून. बिब्बा उततो ना, अगदी तसंच, आणि बिब्बा, काजू, आंबा न हे झाड सगळी एकाच कुळातली आहेत हे मला नंतर कळलं! अर्जंट केअरमध्ये 6 दिवसांच्या स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या, त्या संपल्या आणि दोन दिवसांत सगळं परत वर आलं. दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या एवढं पसरलं असेल तर प्रेडनिसोन (स्टिरॉइडच) 2-3 आठवडे, डोस हळूहळू कमी करत घ्यायला लागतं. रात्र रात्र खाजवत बसलेय मी, कुणावर ही वेळ येऊ नये.

दुसऱ्या वेळी टेक्नू घरात होतं. हे मुळात 1960 च्या दशकात अंगावरची किरणोत्सारी धूळ काढायला बनवलेलं, पॉयझन ओकवर चालतं हे मागाहून लक्षात आलं. घरी आल्या आल्या कोरड्या अंगावरच लावलं (आधी पाणी नाही घ्यायचं), 2 मिनिटं चांगलं चोळलं न गार पाण्याने धुतलं. चोळणं महत्त्वाचं हं, पानातलं उरुशिऑल हे तेल आहे, हाताला गाडीचं ग्रीस लागलं की नुसत्या पाण्याने जातं का, तसंच हे. यावेळी फक्त गुडघ्यामागे, जिथे हात फिरवायचा राहिला तिथे, चार फोड आले.

पण एकदा पुरळ उठलं की खाजेसाठी याच्यावर अवलंबून राहू नका, तेव्हा गार पाण्याच्या पट्ट्या, कॅलामाइन, थोडंसंच असेल तर 1% हायड्रोकॉर्टिझोन मलम. चेहरा किंवा डोळे सुजले तर सरळ डॉक्टर. आणि फोडातल्या पाण्याने ते पसरत नाही, घरच्यांना उगाच लांब ठेवू नका, पसरतं ते कुठेतरी राहिलेल्या तेलाने. माझ्या बोटांवर आठवड्याने नवीन फोड आले ते बुटांच्या नाड्यांमुळे, कपडे धुतले, काठी पुसली, नाड्या तशाच राहिल्या होत्या. आता त्यापण टेक्नूने पुसते, हातात ग्लोव्हज घालून.