कुत्र्याला चालतं, मांजरालाही चालतं म्हणे

डबी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. हिरवी, वर दोन पानांचं चित्र, खाली एक कुत्रा आणि एक मांजर एकमेकांना टेकून बसलेले. "संपूर्ण वनस्पतिजन्य. पिसवा, गोचीड, उवा, सगळ्यांवर एकच उपाय. सर्व वयाच्या, सर्व वजनाच्या कुत्र्या-मांजरांसाठी. एका डोसमध्ये घर पिसूमुक्त." आत चार ट्यूब होत्या, आता तीन आहेत. चौथी मी माझ्या हाताने ठमीच्या मानेवर रिकामी केली.

ठमी म्हणजे आमची साडेतीन किलोची करडी मांजर. त्या आठवड्यात ती सारखी शेपटीच्या मुळाशी चावत होती. फणी फिरवली तर मिरपुडीसारखे काळे कण निघाले. ते ओल्या कापसावर ठेवले की भोवती तांबूस डाग पसरतो, कारण ते पिसवांनी प्यायलेलं रक्तच असतं, विष्ठेवाटे बाहेर पडलेलं. म्हणजे निदान मी बरोबर केलं होतं. पुढचं सगळं चुकलं.

डॉक्टरांकडे का नेलं नाही? खरं सांगायचं तर पिंजऱ्यामुळे. प्रवासाचा पिंजरा नुसता दिसला तरी ठमी कपाटाखाली शिरते आणि तिला बाहेर काढेपर्यंत माझे हात ओरबाडून निघतात. डॉक्टर फोनवर म्हणाले होते, "घेऊन या, वजन करू आणि त्याप्रमाणे थेंब देऊ." मी हो म्हटलं, आणि रात्री मोबाइलवर दुसरं काही मिळतं का ते शोधत बसले.

तिथे या डबीचा विक्रेता भेटला. तो अजिबात घाईत नव्हता. माझ्या डोक्यात ठग म्हणजे "आत्ताच घ्या, शेवटचे दोनच उरलेत" असं म्हणत मागे लागणारा माणूस. याने उलट मलाच प्रश्न विचारले. मांजराचं वय किती, वजन किती, नसबंदी झाली आहे का, घरात लहान मूल आहे का, दुसरा प्राणी आहे का. फोटो मागवला. मी ठमीचा खिडकीत बसलेला फोटो पाठवला. "फार गोड आहे हो ताई, पण डोळ्यांत थकवा दिसतोय," तो म्हणाला, आणि मी तिथेच विरघळले. त्याच्या फोटोत पांढरा कोट होता, गळ्यात स्टेथोस्कोप होता. नंतर सगळे मेसेज पुन्हा वाचले तेव्हा लक्षात आलं, की आपण डॉक्टर आहोत असं त्याने एकदाही लिहिलेलं नाही. मीच त्याला "डॉक्टर" म्हणत होते आणि तो मला थांबवत नव्हता. बाकी त्याच्या पानावर कौतुकाचे भरपूर अभिप्राय होते, बहुतेक सगळे एकाच आठवड्यातले. तेही मी नंतरच पाहिलं.

यात असतं काय, असं मी विचारलं होतं. उत्तर आलं: शेवंतीच्या जातीच्या फुलांचा अर्क.

हे उत्तर मला फार आवडलं. आणि मेख अशी, की ते हवेतलं नव्हतं. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात पायरेथ्रिन नावाची कीटकनाशक द्रव्यं खरोखरच असतात. पण ती उजेडात लवकर निकामी होतात, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याच धर्तीवर प्रयोगशाळेत टिकाऊ रसायनं बनवली. १९७३ साली तयार झालेलं परमेथ्रिन हे त्यांतलंच. कुत्र्यांच्या मानेवर सोडायच्या कित्येक थेंबांत ते ४५ ते ६५ टक्के असतं आणि कुत्र्यांना ते सहसा सोसतं. मांजराला सोसत नाही. अशी रसायनं मोडून शरीराबाहेर टाकण्याचं यकृताचं एक महत्त्वाचं काम मांजरात फार दुबळं असतं. (आपल्याला साधी वाटणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, तिथेही हाच दुबळेपणा नडतो.) "यात काय आहे" एवढंच मी विचारलं. "औषधाचं नाव काय आणि किती टक्के" हे विचारलं नाही. फुलाचं नाव ऐकलं आणि माझं समाधान झालं.

पार्सल आलं. डबीवर वापरण्याची शेवटची तारीख होती, पण बॅच नंबर नव्हता. ट्यूबवर तर काहीच नव्हतं, पांढरी कोरी ट्यूब. आता मला माहीत आहे, की अस्सल औषधात औषधी द्रव्याचं नाव, त्याचं प्रमाण, कोणत्या प्राण्यासाठी आणि किती किलोपासून किती किलोपर्यंत हे लिहिलेलं असतं, आणि बॅच नंबर डब्याप्रमाणे आतल्या ट्यूबवर किंवा तिच्या पाकिटावरही असतो. दोन्हीकडचे आकडे जुळवून पाहायचे असतात. पाच किलोच्या पिल्लाला आणि चाळीस किलोच्या कुत्र्याला एकच ट्यूब कशी पुरेल, हा प्रश्न शाळकरी मुलालाही पडला असता. "सर्व वजनांसाठी" हे वाचूनच मी डबी खाली ठेवायला हवी होती. ठेवली नाही. मानेवरचे केस बाजूला केले, जीभ पोहोचणार नाही अशी जागा पाहून ट्यूब पिळली. विधी अगदी शास्त्रशुद्ध!

संध्याकाळी सात वाजता थेंब सोडले. साडेदहाला ठमीचे कान फडफडायला लागले, माशी बसल्यावर फडफडतात तसे. मग पाठीची कातडी थरथरू लागली. तोंडातून लाळ आली. मी बोट लावलं तर ती दचकून उडाली.

मी त्याला मेसेज केला. लगेच उत्तर आलं. रात्री साडेदहाला लगेच उत्तर देणारा माणूस पाहून मला तेव्हा कोण धीर आला होता! "घाबरू नका ताई. औषध काम करतंय. अंगातलं विष बाहेर पडतंय. लाळ येणं नॉर्मल आहे." यातही चिमूटभर खरं होतं. मांजराने मानेवरचे थेंब चाटले तर कडू चवीने थोडा वेळ लाळ येऊ शकते. पण ठमीने चाटलं नव्हतं, आणि चवीने कुणाची पाठ थरथरत नाही. तो पुढे म्हणाला, "गरम पाण्याने पुसा आणि थोडं दूध पाजा, उतरेल."

दूध पाजण्याचा प्रयत्न मी केला, हे लिहायला लाज वाटते. थरथरणाऱ्या प्राण्याच्या तोंडात काहीही ओतलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. सुदैवाने तिने जबडा उघडलाच नाही. गरम पाण्याचं भांडं चुलीवर होतं तेवढ्यात धाकटी बहीण खोलीतून बाहेर आली, ठमीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "ताई, तो फोन ठेव आणि गाडीची किल्ली दे." तोही मला ताईच म्हणत होता.

रात्रीच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत ठमीचे चारही पाय झटके देत होते. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न केला, "अंगावर काय लावलंत?" दुसरा, "वेष्टन आणलंय?" बहिणीने डबी पर्समध्ये टाकली होती म्हणून दाखवता आली. त्यांनी ट्यूब उलटसुलट केली आणि म्हणाल्या, "यावर काहीच लिहिलेलं नाही, त्यामुळे खात्रीने सांगता येणार नाही. पण लक्षणं परमेथ्रिनची आहेत. उपचार त्याचाच करते."

या विषावर उतारा असं एकच औषध नाही. आधी झटके थांबवायचे, मग अंगावरचं धुऊन काढायचं आणि शरीर ते बाहेर टाकेपर्यंत प्राण्याला सांभाळायचं. त्यांनी स्नायू सैल करणारं औषध दिलं, सलाइन लावलं. ठमीचा ताप ४०.६ अंश सेल्सिअस होता. मांजराचं तापमान साधारण ३८ ते ३९ च्या आसपास असतं. सततच्या थरथरीनेच अंग इतकं तापतं. झटके आटोक्यात आल्यावर कोमट पाण्यात, भांडी घासायच्या लिक्विडने मान आणि पाठ धुतली, कारण हे द्रव तेलकट असतं, नुसत्या पाण्याने निघत नाही. मी गरम पाण्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी वळून पाहिलं. गरम पाण्याने कातडीतला रक्तप्रवाह वाढतो आणि उरलंसुरलं औषधही आत ओढलं जातं. फार गार पाणीही चालत नाही. धुतल्यावर तापमान झपकन खाली येतं, म्हणून त्या दर थोड्या वेळाने मोजत होत्या.

ठमी दोन रात्री तिथे होती. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या हातून खाल्लं आणि मग माझ्याकडे पाठ करून बसली. पिंजऱ्यात बसून घरी येताना तिने अजिबात तक्रार केली नाही. ते जास्त लागलं.

आता पैशांचं. मी पैसे परत मागितले तर तो चक्क हो म्हणाला. अट एकच: डबी, रिकामी ट्यूब आणि उरलेल्या ट्यूब सगळं परत पाठवायचं, "क्वालिटी चेकसाठी". पाकीट बांधूनही झालं होतं. बहीण म्हणाली, "अगं, तो पुरावा परत मागतोय." तेव्हा पाकीट सोडलं. मी डबीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, मेसेज आणि पैसे भरल्याची नोंद जपून ठेवली आणि ग्राहक म्हणून लेखी तक्रार केली. डॉक्टरीणबाईंनी उपचाराचा कागद लिहून दिला होता, तो सोबत जोडला.

डबी मिळणार नाही असं कळवल्यावर त्याचा सूर बदलला. आधी म्हणाला, तुमच्या मांजराला आधीपासूनच फिट्स येत असणार. मग म्हणाला, तुम्ही जास्त लावलं असेल. मी लिहिलं, ट्यूब तुमचीच, एक म्हणालात, एकच लावली. त्यावर चिडून त्याने जे लिहिलं ते मी जपून ठेवलं आहे: "कुत्र्याचंच औषध आहे ताई, पण मोठ्या कुत्र्याच्या एका ट्यूबमधून आम्ही दहा भरतो. मांजराला किती कमी जातं बघा." मग मला ब्लॉक केलं.

म्हणजे त्याच्या लेखी मांजर म्हणजे छोटा कुत्रा. वजनाने भागलं की झालं. हे फक्त ठगच करत नाहीत, हे मला नंतर कळलं. घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असले की उरलेली अर्धी ट्यूब मांजराला लावणारी प्रेमळ माणसं असतात. एवढंच काय, कुत्र्याला परमेथ्रिनचे थेंब लावून तो सुकायच्या आत मांजर त्याला चिकटून झोपलं किंवा चाटत बसलं, तरी बाधा होऊ शकते. शेजारणीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, आमच्याकडे तर दोघं एकाच टोपलीत झोपतात.

पिसवांचं काय झालं? डॉक्टरांनी ठमी पूर्ण बरी झाल्यावर मांजरासाठीचे थेंब दिले, वजन करून. पण अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे एकूण पसाऱ्याचा लहानसा भाग. अंडी, अळ्या आणि कोष गादीत, सतरंजीत, फटींत असतात, आणि कोषातली पिसू औषधाला दाद न देता कित्येक आठवडे पडून राहू शकते. तेव्हा "एका डोसमध्ये घर पिसूमुक्त" हेही थापच होतं. आम्ही तिची अंथरुणं कडकडीत गरम पाण्यात धुतली, रोज झाडलं, दर महिन्याला थेंब दिले. तीन महिने गेले.

तेवढ्यात त्याचं पान बंद झालं होतं. मग एका दुपारी बहिणीने फोन पुढे केला. नवं नाव, डबी आता निळी, पानांच्या जागी फूल. जाहिरातीत खिडकीत बसलेली एक करडी मांजर. मी त्याला पाठवलेला ठमीचा फोटो. खाली लिहिलं होतं, "पहिल्याच डोसमध्ये फरक! - एक समाधानी ताई."

मी त्याखाली काय घडलं ते सगळं लिहिलं. तासाभरात ते काढून टाकलं गेलं. ठमी अजून तिथे खिडकीत बसलेली आहे.