डीआरएमच्या डॉक्युमेंटेशनला पाचपैकी चार

लिनक्स कर्नलमधल्या ग्राफिक्स ड्रायव्हर्सच्या भागाचं, म्हणजे डीआरएमचं (डायरेक्ट रेंडरिंग मॅनेजर) डॉक्युमेंटेशन गेले कित्येक महिने माझ्याकडे एका टॅबमध्ये कायम उघडं असतं, म्हटलं एकदा लिहूनच टाकू. पाचपैकी चार स्टार, आणि तो पाचवा कापला तो एका ओळीपायी.

ओळ अशी की एन्कोडरचं (स्क्रीनकडे जाणारा सिग्नल तयार करणारा भाग) स्ट्रक्चर डेव्हएम_केझॅलॉक या मेमरी घेणाऱ्या फंक्शनने अलोकेट करू नये. सीआरटीसी, प्लेन, कनेक्टर, डिस्प्लेच्या या बाकीच्या भागांच्याही इनिट, म्हणजे सुरुवातीच्या तयारीच्या, फंक्शनखाली हेच. आता डेव्हएम म्हणजे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचं लाडकं प्रकरण, मेमरी घ्या आणि विसरून जा, ड्रायव्हर डिव्हाइसपासून सुटला की कर्नल आपोआप फ्री करतं. मी ती ओळ वाचूनसुद्धा तेच केलं, कारण तिथे नको एवढंच लिहिलंय, का नको ते नाही, आणि 'शुड नॉट' वाचलं की आपल्याला वाटतं सल्ला आहे, बघू. आणि चाललं की, मस्त चाललं. मग एकदा कंपोझिटर (खिडक्या एकत्र करून स्क्रीनवर दाखवणारा प्रोग्राम) चालू असतानाच सिसएफएसमधून, म्हणजे कर्नलच्या कंट्रोल फाइल्समधून, ड्रायव्हर अनबाइंड केला, डिव्हाइसपासून सोडवला, नंतर कंपोझिटर बंद केला, आणि कासानने, म्हणजे कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या टूलने, स्लॅब-यूज-आफ्टर-फ्री (फ्री झालेली मेमरी पुन्हा वापरली) म्हणत पानभर लॉग ओकला.

झालं असं की कंपोझिटरने कार्डची फाइल उघडून ठेवली होती आणि ती बंद होईपर्यंत डीआरएम डिव्हाइस मरत नाही, त्याचा रेफरन्स काउंट (किती जण वापरताहेत तो आकडा) शून्यावर येतच नाही. डेव्हएमची मेमरी मात्र अनबाइंड झाल्या झाल्या गेली. भाडेकरू आत आणि घर पाडून मोकळे!

हे कारण डॉक्युमेंटेशनमध्ये आहे बरं का, अगदी नीट लिहिलेलं, पण ते मॅनेज्ड रिसोर्सेसच्या भागात, म्हणजे जो एन्कोडर इनिटचं पान बघतोय त्याला ते दिसणारच नाही. अर्धं वाक्य तिथेच टाकलं असतं तर माझी एक रात्र वाचली असती (चूक माझीच, ते आहेच).

बाकी तक्रार नाही. त्याच ओळीखाली आता टीप आहे की डीआरएमएम_एन्कोडर_अलॉक वापरा, ही डीआरएमएमवाली फंक्शन्स २०२० पासून यायला लागली, त्यात मेमरी डीआरएम डिव्हाइसच्या आयुष्याला बांधलेली असते, शेवटचा रेफरन्स सुटला की मगच फ्री. डिस्ट्रॉय हुक (शेवटी साफसफाईसाठी बोलावलं जाणारं फंक्शन) नल, म्हणजे रिकामा, हवा हेही स्पष्ट लिहिलंय, मी जुना हुक तसाच ठेवला होता तर लगेच वॉर्निंग आली, अशी शिस्त आवडते आपल्याला. फक्त उत्साहाच्या भरात रजिस्टर मॅपिंग आणि क्लॉकसुद्धा डीआरएमएममध्ये ढकलू नका, ते हार्डवेअरचं आहे, हार्डवेअर गेलं की गेलं, त्याला डेव्हएमच बरं आणि वापरताना डीआरएम_डेव्ह_एंटर आणि एक्झिटचं कुंपण, म्हणजे डिव्हाइस अजून आहे ना ते बघूनच हात लावायचा. हे मी तो टॅब बंद केल्यावर पुन्हा उघडून शोधलं.