सिंक बटण की कान: हळद-वरातीत वाजवू पाहणाऱ्या नव्या डीजेसाठी

गाणी मिसळायचं यंत्र, म्हणजे कंट्रोलर, घरी आला, त्याच्या दोन बाजूंना, म्हणजे दोन डेकवर, दोन गाणी चढली, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ठेका जुळवायचं काम सिंक बटणावर सोडायचं, की कानाने जुळवायला शिकायचं? या वादात मानापमान फार लवकर शिरतो. कोणी म्हणतं, सिंक दाबणारा डीजेच नव्हे. कोणी म्हणतं, बटण असताना कान शिणवणं म्हणजे निव्वळ हट्ट. मी दोन्ही पद्धतींनी वाजवलं आहे, आणि मला वाटतं, स्वाभिमान बाजूला ठेवून आपल्या पेन ड्राइव्हमध्ये कोणती गाणी आहेत ते पाहावं आणि त्यावरून ठरवावं.

आधी सिंकबद्दल. हाउस, टेक्नो किंवा आजकालचे बहुतेक रीमिक्स वाजवणार असाल, तर सिंकच्या कामात खोट काढणं अवघड आहे. ही गाणी संगणकावर बनतात. १२४ बीपीएम (मिनिटाला १२४ ठोके) म्हणजे पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत १२४. सॉफ्टवेअर गाण्यावर सारख्या अंतराच्या रेघा आखतं, तीच बीटग्रिड, आणि सिंक दाबलं की एका गाण्याच्या रेघा दुसऱ्याच्या रेघांवर नेऊन बसवतं. वेग तर जुळतोच, फेजही जुळते, म्हणजे ठोक्यावर ठोका पडतो. डीजेचे हात मोकळे राहतात आणि त्या हातांना कामं पुष्कळ असतात: जाणाऱ्या गाण्याचा बेस ईक्यूने (जाड-बारीक आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणांनी) काढून येणाऱ्याचा आणणं, गेन म्हणजे गाण्याच्या आवाजाची पातळी सांभाळणं, एखादा तुकडा पुन्हापुन्हा वाजवणारा लूप लावणं, पुढचं गाणं हेडफोनमध्ये ऐकून ठेवणं. दोन गाण्यांचे बेस एकदम वाजले की आवाज गिचमिड होतो, आणि ठोके कितीही अचूक जुळलेले असले तरी ती गिचमिड जात नाही. ही बेसची शिस्त सिंकवर शिकलेल्या मुलांना लवकर लागते, असं मी पाहिलं आहे. तेवढं श्रेय सिंकला द्यायलाच हवं.

सिंक म्हणजे फसवणूक, हेही मला पटत नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या सँक्च्युअरी क्लबमध्ये डीजे फ्रान्सिस ग्रासो दोन रेकॉर्डचे ठेके एकमेकांत मिसळू लागला, तेव्हा कानाशिवाय दुसरं साधनच नव्हतं. १९७२ मध्ये टेक्निक्सची एसएल-१२०० ही रेकॉर्ड वाजवायची टर्नटेबल आली. १९७९ च्या एमके२ मॉडेलवर वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करणारा सरकता फेडर आला आणि पुढच्या कित्येक पिढ्या त्याच फेडरवर घडल्या. २०१२ मध्ये पायोनियरच्या सीडीजे-२००० नेक्सस या क्लबमधल्या डीजे प्लेअरवर सिंक आलं. लॅपटॉपवाल्यांकडे ते आधीपासून होतंच. साधनं बदलली तसं शिकणंही बदललं, यात गैर काही नाही.

मात्र या इतिहासातली एक गोष्ट आपल्याकडच्या डीजेने नीट लक्षात घ्यावी. ग्रासोच्या रेकॉर्डवर ड्रम्स माणूस वाजवत होता. लय जराशी मागेपुढे व्हायची, आणि दोन गाणी एकत्र वाजत असताना बोटांनी ती सतत सावरावी लागायची. नंतर ड्रम मशीन आली, १९८३ मध्ये वाद्ययंत्रांना एकमेकांशी जोडणारं मिडी आलं, आणि नाचाच्या संगीतातली लय यंत्राच्या घड्याळावर चालू लागली. सिंक त्या घड्याळावरच्या गाण्यांसाठी घडलं आहे.

आता रायगड-ठाण्याकडच्या एखाद्या हळदीची यादी पाहा. कोळीगीतं, जुन्या लावण्या, भीमगीतं, ऐंशीच्या दशकातली हिंदी गाणी, मध्ये दोन-चार पंजाबी, आणि रात्र चढली की नवे रीमिक्स. यातली जुनी गाणी स्टुडिओत सगळे वादक एकत्र बसून झालेली. ढोलकीवाल्याच्या कानात क्लिक, म्हणजे यंत्राची टिकटिक, नव्हता. समजा, मुखडा १०४ ला सुरू झाला. कडव्यात गायक एखाद्या शब्दावर रेंगाळतो, शेवटच्या आवर्तनांत ढोलकी चढते आणि गाणं १०९ ला संपतं. त्या चढण्यावरच लोक नाचतात. ग्रिड मात्र सुरुवातीला मोजलेला किंवा सरासरीचा एकच आकडा धरून बसते.

माझा निर्णय ज्या त्रासाने केला तो हाच. स्क्रीनवर सिंकचा दिवा लागलेला असतो, रेघांवर रेघा बसलेल्या दिसतात, आणि कानाला घोड्याच्या टापा ऐकू येतात. हिशोब करून पाहा. १२० च्या वेगाला एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. दोन गाण्यांत अर्ध्या बीपीएमचा फरक असला तर मिनिटाभरात पाव सेकंदाची घसरण होते, म्हणजे एका गाण्याचा ठोका दुसऱ्याच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मधोमध पडतो. फरक पाच बीपीएमचा असला तर तीच घसरण सहा सेकंदांत. आणि सिंक चालू असताना हे सुधारायला जावं, तर ज्या आकड्यावर सॉफ्टवेअर ठाम आहे त्याच्याशीच झगडावं लागतं. तुम्ही डेकवरच्या फिरत्या चकतीने, म्हणजे जॉग व्हीलने, ढकलायचं आणि पुढच्या आवर्तनाला ते पुन्हा चुकणार.

याला उपाय आहेत, नाही असं नाही. बदलत्या लयीचं गाणं तुकड्यातुकड्याने मोजणारी सोय आता बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असते, आणि ग्रिडच्या खुणा हाताने हलवूनही बसवता येतात. मी ते करत असे. संध्याकाळ घालवून एकेका गाण्याच्या खुणा सरकवायच्या, मग तालाचं कोडं सोडवायचं. ७० चं गाणं सॉफ्टवेअर १४० धरतं, ते एका क्लिकमध्ये निम्मं करता येतं. पण कोळीगीतांपैकी पुष्कळ गाणी सहा मात्रांच्या झोक्यावर चालतात, आणि तिथे आकडा दुप्पट-निम्मा न चुकता दीडपट चुकू शकतो. मग १०० चं गाणं १५० म्हणून नोंदलं जातं, आणि सिंक दाबल्यावर त्याचं काय होतं ते ऐकवत नाही. इतकं सगळं करून कार्यक्रमाला जावं, तर नवऱ्याचा मामेभाऊ पेन ड्राइव्ह पुढे करतो, "दादा, आत्याला हेच गाणं पाहिजे, लावा ना." त्या गाण्याला ग्रिड बसवायला वेळ कुठला? समोर माणसं उभी आहेत, आत्या मांडवात आली आहे. आणि गाणं सुरू झाल्यावर एखादा हलगीवाला रंगात येऊन त्यावर वाजवू लागला, तर त्याच्या ठेक्याशी सिंकला जुळवताच येत नाही.

कानाने जुळवता येत असेल तर हे सगळं सरळ होतं. गाणं ओळखीचं नसलं तरी चालतं. हेडफोन एका कानावर, दुसरा कान मोकळा. येणाऱ्या गाण्याची सम शोधायची, तिथे गाणं जिथून सुटेल ती खूण, म्हणजे क्यू पॉइंट, लावायचा, वाजत्या गाण्याच्या समेवर सोडायचं, मागे पडतंय की पुढे धावतंय ते ऐकायचं आणि पिच फेडर, म्हणजे वेगाचा तो सरकता फेडर, त्याप्रमाणे हलवायचा. लय चढली की बोट जॉग व्हीलवर आपोआप जातं. आकडा काय आहे याच्याशी काही देणंघेणं राहत नाही.

समेचा मुद्दा मला विशेष वाटतो. सिंक ठोके जुळवतं, पण गाण्याची ओळ कुठे संपते ते पाहणं तुमच्याकडेच राहतं. ग्रिडमधला पहिला ठोका चुकीच्या जागी धरला गेला असेल, तर दोन गाणी अचूक वेगात आणि तरीही एक-दोन मात्रांनी सरकून वाजतात. नाचणाऱ्यांना काय चुकलं ते सांगता येत नाही, पण पाय थबकतात. सोळा किंवा बत्तीस ठोके मोजत, ओळ संपता संपता दुसरं गाणं आत आणणं हे ज्याने कानाने जुळवायचा सराव केला त्याच्या अंगात लवकर मुरतं. निदान माझं तरी तसं झालं. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल.

कानाच्या पद्धतीचं खरं दुखणं वेळ. काही आठवडे सगळं वेडंवाकडं वाजतं, आणि घरचे वैतागतात. सुरुवातीला सर्वांत अवघड असतं ते दिशा कळणं: ठोके जुळत नाहीत हे ऐकू येतं, पण येणारं गाणं हळू आहे की जलद, तेच उमगत नाही. त्यावर मला उपयोगी पडलेली रीत अशी, की येणारं गाणं मुद्दाम जरा जास्त वेगात ठेवायचं. मग दिशा ठाऊक असते, फक्त कमी करत यायचं. दुसरा सराव म्हणजे एकच गाणं दोन्ही डेकवर घ्यायचं, एकाचा फेडर न बघता हलवायचा, स्क्रीनवर कागद चिकटवायचा आणि जुळवत बसायचं. दोन्ही प्रती अगदी जवळ आल्या की आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा फिरू लागतो. तो ऐकू आला की समजायचं, आता फरक फार थोडा उरला. असं दाखवून देणारा दुसरा मास्तर मला मिळाला नाही.

मैदानावर कान फसतो, हेही सांगायला हवं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. स्पीकर तुमच्यापासून सतरा मीटरवर असले तर त्यांचा ठोका तुम्हाला वीसांश सेकंद उशिरा ऐकू येतो. हेडफोनमधलं गाणं त्या उशिरा आलेल्या ठोक्याशी जुळवलंत, तर स्पीकरवर ते चुकलेलंच निघतं. वरातीत आणि विसर्जनाला हे हमखास होतं. जवळ मॉनिटर स्पीकर, म्हणजे डीजेला ऐकायचा स्पीकर, मागून घ्या. तो नसला तर हेडफोनमध्ये दोन्ही गाणी घेऊन तिथेच जुळवा. अशा गोंगाटात यंत्रावर बनलेले रीमिक्स चालू असतील, तर सिंक दाबायला मी मुळीच कचरत नाही.

आणखी एक गोष्ट कानाच्या बाजूने जाते. आपल्याकडे कोणी सात मिनिटांचा मिक्स मागत नाही. मुखडा, एक कडवं, बस, पुढचं गाणं. दोन जुनी गाणी एकमेकांवर फार तर आठ-सोळा ठोके राहतात, कित्येकदा नुसता समेवर कट पुरतो. तेवढा वेळ लय धरून ठेवण्याइतका कान तयार व्हायला लोक सांगतात तितका काळ लागत नाही. लांब मिक्स सफाईने करायला मात्र लागतो, आणि क्लबमध्ये वाजवणाऱ्याला तो करावाच लागतो.

म्हणून मुंबई, पुणे किंवा गोव्यातल्या क्लबमध्ये हाउस-टेक्नो वाजवायचं मनात असेल, तर सिंकपासून सुरुवात करा आणि तो वेळ गाणी निवडण्यात घाला, असं मी निःशंकपणे सांगेन. हळद, वरात, गणपती, घरगुती समारंभ, आणि यादीत माणसांनी वाजवलेली गाणी जास्त असतील, तर पहिले काही महिने सिंकला हात न लावणं बरं पडेल असं मला वाटतं. आधी सिंक, मग कान, या क्रमाने जाणारेही आहेत. पण रेघा बघायची सवय डोळ्यांना एकदा लागली की कान मागे पडतो, आणि ती सवय सोडवताना मी अनेकांना झगडताना पाहिलं आहे.

कान निवडलात तर कंट्रोलर घेताना पिच फेडरची लांबी पाहा. स्वस्त कंट्रोलरवर तो आखूड असतो आणि केसभर हलवला तरी वेग बराच बदलतो. सेटिंगमध्ये जाऊन पट्टा दहा किंवा सोळा टक्क्यांवरून सहावर आणला की त्याच फेडरवर बारीक फरक साधता येतो. सहा टक्क्यांनी वेग वाढवला तर सूर साधारण अर्ध्या स्वराने चढतो. जुन्या गाण्यात गायकाचा आवाज बदललेला लोकांना लगेच कळतो, म्हणून वेग बदलला तरी सूर जागेवर ठेवणारं की लॉक चालू ठेवा, आणि वेगात त्याहून जास्त फरक असलेली दोन गाणी एकमेकांवर न चढवता कटने बदला. हेडफोन बंद कपाचा, कानाभोवती घट्ट बसणारा घ्या. पैसे कमी पडत असतील तर कंट्रोलरमध्ये वाचवा, हेडफोनमध्ये नको.